ऊन चढलं की नदी चढते: मे-जूनमध्ये हिमालयातल्या नद्यांपाशी जाताना

आम्ही सांगलीकर. कृष्णेचं पाणी आमच्याकडे फुटांत मोजतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट झालं की इशारा पातळी, ४५ झालं की धोका. ऑगस्टमध्ये झड लागली की घरातली म्हातारी माणसं चहा पिता पिता नुसतं "किती झालं?" विचारतात, कशाचं ते विचारावं लागत नाही. एवढं पाणी अंगात मुरलेलं असूनही पहिल्यांदा मनालीला गेलो, तेव्हा नदीच्या बाबतीत मी पुरता अडाणी निघालो.

मे महिन्याचा शेवट होता. सकाळी नऊच्या सुमारास आम्ही चौघं मनालीच्या अलीकडे बियासच्या पात्रात उतरलो. मधे गोट्यांचं एक छान बेट होतं आणि काठ नि बेट यांच्यामधला ओहोळ जवळपास कोरडा, चप्पलसुद्धा न भिजता पार होण्यासारखा. बेटावर चादर अंथरली, डबा उघडला, पत्ते काढले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. दोनच्या पुढे कधीतरी काठावरून एक बाई हातवारे करून ओरडायला लागली. आम्हाला वाटलं, तिच्या शेताकडेला बसलोय म्हणून रागावली असावी. उठून बघतो तर तो कोरडा ओहोळ गुडघ्याला लागेल इतका भरून वाहत होता. एकमेकांचे हात धरून कसेबसे पलीकडे आलो. माझी एक चप्पल गेली, पत्ते गेले. आणखी तासाभराने तिथून निघता आलं असतं असं मला वाटत नाही.

त्यानंतर बरीच वर्षं नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना घेऊन वर जातोय. दर वेळी तीच चूक कोणीतरी करू बघतो, कारण आपल्या डोक्यात नदीचं गणित पावसावर बसलेलं आहे. पाऊस नाही म्हणजे पूर नाही, आणि मे म्हणजे तर खडखडाट. हिमालयात मे-जूनमध्ये ऊन हाच पाऊस असतो. आभाळ जितकं निळं आणि दुपार जितकी तापलेली, तितकं संध्याकाळी पाणी जास्त.

आधी नदीचं घड्याळ समजून घ्या

वरच्या अंगाला हिवाळाभर साठलेला बर्फ मार्चपासून वितळायला लागतो आणि मे-जूनमध्ये त्याला वेग येतो. रात्री वर गोठतं, वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे पाणी सगळ्यांत कमी. दहा-अकराला ऊन कडक झालं की ठिबक सुरू होते, तिचे ओहोळ होतात, ओहोळांचे नाले. बर्फाच्या जवळच्या नाल्यात दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान पाणी भरात असतं. तेच पाणी खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे जितकं खाली जावं तितकी भरती उशिरा. वरचा नाला चारला फुगला, तर वीस-तीस किलोमीटर खालच्या गावात नदी रात्री चढलेली दिसू शकते. तेव्हा "दुपार टळली, आता उतरेल" हा हिशेब प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही.

या घड्याळाला दोन अपवाद आहेत. एक, रात्री ढग असतील आणि हवा उबदार राहिली असेल तर वर गोठतच नाही. मग पहाटेही नाला उतरलेला नसतो. दुसरा अपवाद भयंकर आहे: ताज्या किंवा उरलेल्या बर्फावर पडणारा पाऊस. पावसाचं पाणी आणि वितळलेलं पाणी दोन्ही एकदम खाली येतात. १६ आणि १७ जून २०१३ ला केदारनाथला जो महापूर आला त्यात वरचा चोराबाडी तलाव फुटणं हे कारण सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधी लवकर आलेला मुसळधार पाऊस अजून बर्फ असलेल्या डोंगरांवर कोसळला होता. योगायोग म्हणजे त्याच आठवड्यात, १९ जूनपासून, कॅनडाच्या कॅलगरी भागात असाच डोंगरातल्या बर्फावर पाऊस पडून मोठा पूर आला. कॅलगरीत आपली बरीच मंडळी आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून वर जाताना हवामान खात्याचा अंदाज दोन प्रश्नांसाठी बघायचा: पाऊस आहे का, आणि चार-पाच दिवस सलग कडक ऊन आहे का. दुसऱ्या प्रश्नाकडे आपलं लक्षच जात नाही.

पायरी १: वेळापत्रक घरीच दुरुस्त करा

निम्मा धोका सांगलीत किंवा ठाण्यात बसून टाळता येतो. आपल्या सहलींची रीत अशी की साडेआठला पोहे-उपमा, मग दुसरा चहा, मग कोणाचा तरी चष्मा सापडत नाही, आणि गाड्या दहाला हलतात. मनालीहून स्पितीकडे जाताना ग्राम्फू ते बातल हा रस्ता नाल्यांनी भरलेला आहे. दहाला निघालेली गाडी त्या नाल्यांवर नेमकी दुपारी पोचते, म्हणजे नाला सगळ्यांत चढलेला असताना. पँगाँग तलावाच्या वाटेवरच्या नाल्याचं नावच लोकांनी 'पागल नाला' ठेवलंय. सकाळी घोटाभर आणि दुपारी गाडी अडवणारा. अशा दिवशी पहाटे पाचला निघायचं आणि पोह्यांचा डबा गाडीत घ्यायचा. सहल कंपनीकडून जात असाल तर पैसे भरण्याआधी एकच विचारा: "नाले किती वाजता ओलांडणार?" उत्तर सरळ आलं नाही तर समजून जा.

ट्रेकचंही तेच. मनालीजवळच्या हामटा खिंडीच्या ट्रेकमध्ये सियागोरूच्या मुक्कामानंतरचं पाणी भल्या पहाटे ओलांडतात ते काही हौस म्हणून नाही. तुमचा गट "थोडं ऊन आल्यावर जाऊ, पाणी फार गार आहे" म्हणायला लागला, तर त्यांना सांगा की पाणी नऊ वाजताही तितकंच गार असतं, फक्त जास्त असतं.

सामानात पाच गोष्टी असू द्या: मागे पट्टा असलेल्या मजबूत सँडल किंवा जुने बूट, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, कोरड्या कपड्यांचा एक जोड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेला, पंधरा-वीस मीटर तरंगणारी दोरी, आणि एक चांगली काठी. शिट्टी का, तर नाल्याच्या आवाजात दहा हातांवरची हाक ऐकू येत नाही.

पायरी २: वर धरण आहे का, ते विचारा

बर्फाच्या घड्याळावर माणसाने दुसरं घड्याळ बसवलंय, विजेचं. ते उन्हाकडे बघत नाही.

८ जून २०१४ ला संध्याकाळी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियासच्या पात्रात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं खडकांवर उतरून फोटो काढत होती. वर लारजी जलविद्युत प्रकल्पाचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं गेलं आणि काही क्षणांत खडकांभोवतीचं पाणी वाढलं. २४ विद्यार्थी आणि सहलीचा एक संयोजक वाहून गेले. त्या मुलांनी काही अचाट साहस केलं नव्हतं. आपल्यापैकी प्रत्येकाने केलंय तेवढंच केलं: रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि पाण्यापाशी गेली.

आपल्याकडे कोयनेतून विसर्ग वाढवला की बातमी येते, तलाठी, पोलीस पाटील सांगतात, लोक जनावरं वर नेतात. परक्या मुलखात ही बातमी तुमच्यापर्यंत पोचत नाही; तुम्ही फक्त तासाभरासाठी थांबलेले असता. म्हणून नियम साधा: बियास, पार्वती, सतलज, भागीरथी, अलकनंदा यांच्या खोऱ्यात कुठेही असलात तरी वर धरण किंवा बंधारा आहे असंच धरून चाला. ऋषिकेशला गंगेचं पाणी दिवसात कमीजास्त होतं त्यामागे वरच्या टिहरीसारख्या धरणांचा मोठा हात आहे. विजेची मागणी वाढते तेव्हा जनित्रं चालतात आणि खाली पाणी येतं.

पात्राजवळच्या पिवळ्या-लाल पाट्या वाचा. भोंगा वाजला तर "कसला वाजतोय?" हे वर रस्त्यावर पोचल्यावर विचारायचं. चप्पल, डबा, ट्रायपॉड गोळा करत बसायचं नाही. आणि भोंगा वाजेलच याचीही खात्री धरायची नाही.

पायरी ३: दगड ठेवा

हे मला मंडीच्या एका ड्रायव्हरने शिकवलं आणि मला माहीत असलेलं सगळ्यांत स्वस्त यंत्र हेच. पाण्याच्या अगदी कडेला, जिथे लाट येऊन परत जाते तिथे, नारळाएवढा एक दगड ठेवायचा. पाणी त्याच्या अगदी जवळ येतंय, पण भिजवत नाही असा. मग घड्याळ बघायचं आणि वर जाऊन बसायचं. पंधरा मिनिटांनी परत बघायचं. दगडाचा बूड ओला झाला असेल तर पाणी चढतंय. कंबरेपर्यंत बुडाला असेल तर सामान आवरायचं, चर्चा नाही. दगड कोरडा आणि पाणी चार बोटं मागे गेलं असेल तर नदी उतरतेय. पण पाव तासाने पुन्हा बघायचंच.

त्या ड्रायव्हरने बातलच्या अलीकडे एका नाल्यावर असे तीन दगड ओळीने लावले होते, एकाच्या वर एक, वीत-वीत अंतरावर. सकाळचे सात वाजत होते. आमच्यातला एक जण चहासाठी थांबू या म्हणाला. ड्रायव्हर दुसऱ्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाला, "अभी सोया है जी, उठने से पहले निकल लेते हैं." नाल्याबद्दल बोलत होता.

दगडाबरोबर आणखी चार खुणा बघायच्या. काठावरच्या ओल्या पट्ट्याची उंची बघा. कोरड्या खडकावर पाण्याची गडद रेघ वर दिसत असेल तर काल संध्याकाळी पाणी तिथवर होतं, आजही जाईल. रंग बघा, बर्फाचं पाणी दगडाच्या पिठाने दुधाळ, राखाडी असतंच, पण ते अचानक चहासारखं तपकिरी झालं, त्यात काटक्या, फांद्या, फेस आला, तर वर काहीतरी ढासळलंय. आवाज ऐका, पाण्याच्या खाली दगडावर दगड आपटल्यासारखा गडगड आवाज येत असेल तर तळच वाहतोय, त्यात माणसाचे पाय टिकत नाहीत.

चौथी खूण फसवी आहे. पाणी एकाएकी फार कमी झालं तर खूश होऊ नका. वर दरड कोसळून पात्र अडलं असू शकतं, आणि अडलेलं पाणी कधीतरी फुटतंच. लडाखच्या झंस्कारमध्ये ३१ डिसेंबर २०१४ ला दरडीने फुकताल नदी अडवली, मागे तलाव साचला, आणि तो ७ मे २०१५ ला फुटून खालचे पूल घेऊन गेला. तिथे चार महिने हाताशी होते. छोट्या नाल्यावर चार मिनिटंही नसतात. पाणी आटलेलं दिसलं की पात्रापासून लांब आणि वर.

पायरी ४: काठावर बसणं, फोटो, स्नान

बसायची जागा ठरवताना पाण्याकडे पाठ करून एकदा उभे राहा आणि वर जायची वाट शोधा. लहान मूल कडेवर घेऊन, अर्ध्या मिनिटात माणूसभर उंचीवर जाता येईल अशी वाट नसेल तर ती जागा सोडा. पात्रातलं बेट, नदीच्या वळणाची बाहेरची बाजू, वर गुळगुळीत झालेले उतरते खडक या तीन जागा कायमच्या रद्द. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ आतून कोरत असतं. वरून गवत दिसतं, खाली पोकळ असतं.

स्नानाचा प्रश्न नाजूक आहे. गंगोत्री, देवप्रयाग, हरिद्वारला जाऊन डुबकी न मारता परत या असं मी माझ्या आईला सांगू शकलेलो नाही. लाहौलमध्ये तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि पुढे तिला चंद्रभागा म्हणतात, म्हणजेच चिनाब. एकदा आमच्या गाडीतल्या वारकरी मावशींनी ते नाव ऐकलं आणि चप्पल काढून थेट पाण्याकडे निघाल्या. पंढरपुरात चैत्रात चंद्रभागेच्या वाळवंटात चालत फिरायची सवय. इथली चंद्रभागा मे-जूनमध्ये माणूस उचलून नेते. शेवटी त्यांना तांब्या दिला, काठावर घट्ट बसवलं, मागून दोघांनी धरलं. मावशी तृप्त.

तेव्हा तांब्या हे खरं उत्तर. बांधलेल्या घाटावर साखळी असेल तर साखळी धरून, साखळीच्या आत, आणि पायऱ्यांवरच्या शेवाळाचं भान ठेवून. उघड्या काठावर फक्त तांब्या. भरल्या पोटी किंवा दम लागलेला असताना बर्फाच्या पाण्यात अंग टाकू नका. वयस्कर आणि हृदयविकार असलेल्यांनी तर नाहीच.

लहान मुलांसाठी एकच पद्धत चालते: एका मुलामागे एक नाव घेऊन नेमलेला मोठा माणूस. "सगळे लक्ष ठेवा" म्हटलं की कोणीच ठेवत नाही. आणि फोटो काढणाऱ्याने "अजून थोडं मागे" म्हणायचं नाही.

तंबू लावताना कोरड्या ओहोळात, पात्रातल्या सपाट वाळूवर किंवा नाल्याच्या तोंडाशी लावू नका. तिथे जागा इतकी सपाट कोणी केली, हा प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे.

पायरी ५: चालत ओलांडणं

पहिला निर्णय: ओलांडायचंच का? पूल दोन किलोमीटर लांब असेल तर दोन किलोमीटर चाला. पाणी चढलेलं असेल तर तिथेच मुक्काम करा आणि पहाटे जा. ट्रेकमधला एक दिवस वाया जाणं ही काही मोठी गोष्ट नाही, जरी परतीचं तिकीट काढलेला मित्र तसं मानायला तयार नसला तरी.

ताकदीचा एक ढोबळ हिशेब मी सगळ्यांना सांगतो. गुडघाभर पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल तर ते तुमच्या दोन्ही पायांवर साधारण सहा किलोचा रेटा देतं. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे पंचवीसेक किलो. तिप्पट झाला की पंचावन्नच्या आसपास. वेग थोडासा वाढला तरी कालचा जमलेला नाला आज का जमत नाही, ते यात आहे. वेग बघायला वरच्या बाजूने पाण्यात काटकी टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. भरभर चालूनही ती पुढे जात असेल आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर ओलांडायचं नाही.

जागा निवडताना डोळ्याला अरुंद जागा आवडते, कारण पलीकडचा काठ जवळ वाटतो. पण अरुंद म्हणजे खोल आणि जोरकस. नदी पसरून तीन-चार धारांत फुटलेली असेल ती जागा बघा, भले अंतर जास्त असो. दोन ओहोळ मिळत असतील तर संगमाच्या वर, एकेक ओहोळ वेगळा ओलांडा. मग खालच्या अंगाला नजर टाका: पाय सुटला तर मी कुठे जाणार? खाली धबधबा, मोठे धोंडे, आडवं पडलेलं झाड असेल तर वरची जागा कितीही सोपी दिसो, नको.

उतरण्याआधी सॅकच्या कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती एका झटक्यात टाकता येईल. बूट काढू नका. अनवाणी पायाला गार पाण्यात दोन मिनिटांत काही कळेनासं होतं आणि गोट्यांवरून पाय सटकतो. ढगळ पँट गुडघ्यापर्यंत वर करण्यापेक्षा काढलेली बरी, तिच्यात पाणी भरून ओढ लागते. लाज पलीकडच्या काठावर.

पाण्यात तोंड वरच्या अंगाला, ज्या दिशेने पाणी येतंय तिकडे. काठी समोर टेकवायची, तिच्यावर वजन, आणि बाजूला सरकत किंचित खालच्या अंगाला तिरकं जायचं. काठी, डावा पाय, उजवा पाय यांपैकी एका वेळी एकच हलवायचं. पाय उचलून टाकायचा नाही, तळ चाचपत सरकवायचा. पायाखालचे गोटे हलायला लागले किंवा पाणी मांडीला लागलं तर परत फिरा. परत फिरताना घाईने वळू नका, आलात तसेच मागे सरका.

तिघं असाल तर काम सोपं होतं. सगळ्यांत दणकट माणूस पुढे, काठी घेऊन, पाण्याकडे तोंड करून. बाकीचे त्याच्या मागे, त्याचे खांदे किंवा सॅक धरून. त्याच्या आडोशाने मागच्यांवरचा रेटा कमी होतो. दोरी कमरेला बांधून मात्र कोणीही पाण्यात उतरू नका. चित्रपटात बरं दिसतं. खऱ्या पाण्यात दोरी ताणली गेली की माणूस पाण्याखाली दाबला जातो आणि गाठ सुटत नाही.

नाल्यावर साचून राहिलेल्या बर्फाच्या पुलांबद्दल एवढंच: जूनमध्ये खालून पाणी आणि वरून ऊन त्यांना दोन्हीकडून पातळ करत असतं. पहाटे, स्थानिक माणसाच्या मागून, एकेकटे. दुपारी पूल कितीही जाड दिसला आणि घोडेवाला कितीही हसला तरी नाही. खालून पाण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत असेल तर सकाळीही नाही.

पायरी ६: गाडी आणि बाइक

अर्धा फूट, म्हणजे १५ सेंटिमीटर, जोरकस पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं. फूटभर पाणी छोटी गाडी तरंगवू शकतं, दोन फूट पाणी मोठीलाही सरकवतं. म्हणून आधी खाली उतरा, दोन-चार गाड्या जाताना बघा, चाक कुठपर्यंत बुडतंय ते बघा. निम्म्या चाकाच्या वर पाणी जात असेल तर थांबा. जायचं ठरलं तर काच खाली, सीटचा पट्टा सोडलेला, पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मधे थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. समोरची गाडी पूर्ण पार झाल्याशिवाय तुमची पाण्यात घालू नका. गाडी बंद पडून पाणी चढायला लागलं तर गाडीचं प्रेम सोडा आणि खिडकीतून बाहेर.

बाइकवाल्यांनी मागच्याला आधी उतरवावं. बाइक आडवी झाली तर सोडून द्यायची; तिला धरून ठेवणारे तिच्याखाली अडकतात.

राफ्टिंगसाठी वेगळा लेख हवा, इथे दोनच मुद्दे. हिमाचलात १५ जुलै ते १५ सप्टेंबर राफ्टिंगला बंदी असते. त्या काळात कोणी "आम्ही नेतो" म्हणालं तर तोच पुरेसा इशारा. आणि लाइफ जॅकेट घातल्यावर कोणालातरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत वर आलं तर पाण्यात ते तुमच्याशिवाय तरंगेल.

पायरी ७: पाण्यात पडलात तर

बर्फाच्या नाल्याचं पाणी चार-पाच अंशांच्या आतबाहेर असतं. त्यात पडल्यावर शरीराचं काय होतं त्याचा क्रम लक्षात ठेवायला एक-दहा-एक सोपा आहे. पहिलं एक मिनिट श्वास हातात राहत नाही. माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर संपलं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय तुमचं ऐकतात. बेशुद्धी यायला तासभर लागू शकतो. म्हणजे गारठ्याने मरायला वेळ आहे. धोका पहिल्या मिनिटात आहे. त्या मिनिटात पोहायची धडपड नको, फक्त तोंड वर आणि श्वास ताब्यात आणणं.

सॅक टाका. पाठीवर उताणे व्हा, पाय पुढे, म्हणजे वाहत्या दिशेला, गुडघे किंचित वाकलेले, पावलं पाण्याच्या वर. खडक आला तर पायाने ढकला. हाताने वल्हवत काठाकडे तिरकं सरका. तळ लागतोय असं वाटलं की उभं राहायचा मोह होतो, तो आवरा: पाऊल दोन दगडांत अडकलं की मागचं पाणी तुम्हाला पुढे पाडतं आणि उठू देत नाही. पाणी गुडघ्याच्या खाली आल्यावरच उभे राहा.

उताणं तरंगण्याला एक अपवाद आहे. समोर आडवं झाड किंवा फांद्यांचा अडसर दिसला तर पालथे व्हा, जोरात त्याच्याकडे पोहा आणि शेवटच्या क्षणी अंग वर फेकून त्याच्यावर चढा. फांद्यांमधून पाणी जातं, माणूस जात नाही.

पायरी ८: दुसरा कोणी पडला तर

उडी मारू नका. भाऊ बुडतोय आणि तुम्ही काठावर उभे आहात, तेव्हा हे वाक्य किती निष्ठूर वाटतं ते मला कळतं. पण एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला तिसरा, अशा बातम्या आपल्याकडच्या तलावा-धरणांवरून दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यातले बरेच जण पोहता येणारे असतात.

क्रम असा: आधी शिट्टी आणि हाक, एकाने बोट रोखून त्याच्यावरची नजर हलवायची नाही. मग काठी, फांदी, ओढणी, साडी पुढे करा, स्वतः आडवे पडून, मागून कोणीतरी पाय धरून. तेवढ्यात हात पोचत नसेल तर दोरी किंवा तरंगणारं काहीही फेका: रिकामा पाण्याचा कॅन, घट्ट झाकणाच्या मोठ्या रिकाम्या बाटल्या भरलेली सॅक. दोरी माणसाच्या किंचित वर, त्याच्या हाताशी येईल अशी टाका. काठाने त्याच्याबरोबर पळण्यापेक्षा दोघांना आधीच खाली पुढच्या वळणापर्यंत पाठवा. पाणी माणसापेक्षा जोरात पळतं.

बाहेर काढल्यावर श्वास चालू नसेल तर उलटं टांगणं, गोल फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं यातलं काहीही करू नका. वेळ जातो आणि पोटातलं फुप्फुसात जातं. सपाट जमिनीवर उताणं, मान किंचित मागे, नाक दाबून तोंडाने दोन श्वास. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधोमध पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने ३० दाब, मग परत दोन श्वास. मदत येईपर्यंत आळीपाळीने.

शुद्धीवर असेल तर ओले कपडे काढा, कापून काढले तरी चालतील. कोरडं गुंडाळा, डोकं झाका, आडवं ठेवा. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवा. हातपाय चोळू नका, शेकोटीला चिकटवू नका, रम-ब्रँडी तर मुळीच नाही. नीट गिळता येत असेल तर गोड गरम चहा. आणि "आता बरा आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

फोन ११२ ला. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७, राज्याच्या कक्षाचा १०७०. खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तेव्हा एक गाडी लगेच जवळच्या पोलीस चौकीकडे किंवा ढाब्याकडे धाडा. सांगताना "नदीकाठी" म्हणू नका. रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड, शेवटच्या पुलाचं नाव, नदीच्या कुठल्या बाजूला, आणि माणूस किती वाजता पडला. यातले पहिले तीन तपशील गाडी थांबवताच लिहून ठेवायची सवय मला लागली आहे. बायको हसते. डायरीत बरेच किलोमीटरचे दगड जमले आहेत.